क्लॉड हॉपकिन्स : दारापासून स्वयंपाकघरापर्यंत

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी कंटेंट रायटिंगचं काम धरलं होतं. शब्दाला चाळीस पैसे. एका केसांच्या तेलाचा मजकूर लिहायचा होता. ते तेल मी कधी पाहिलं नव्हतं, हुंगलं नव्हतं, फक्त बाटलीचा एक फोटो व्हॉट्सॲपवर आला होता. सोबत सूचना होती की सात दिवसांत केस गळायचे थांबतात, हे ठळक अक्षरात यायला हवं. हे कशावरून, असं मी विचारलं. सगळेच असं लिहितात, असं उत्तर आलं. मग मीही लिहिलं, आणि खरं सांगायचं तर चांगलं लिहिलं. छोटी वाक्यं, रोजचे शब्द, वाचणारीशी थेट बोलणं. दोन महिन्यांनी माझी धाकटी मावशी तीच बाटली घेऊन आमच्या घरी आली. मजकूर मी लिहिलाय हे तिला आईकडून कळलं होतं, म्हणून तिने विश्वासाने तेल घेतलं होतं. आठवड्यात काहीच फरक पडला नव्हता. ती रागावली नाही, उलट आपलंच काहीतरी चुकलं असेल, डोक्याला नीट चोळलं नसेल, असं म्हणत राहिली. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

साहित्याच्या वर्गात आपण कवितेबद्दल बोलतो, कादंबरीबद्दल बोलतो. दुकानासाठी, कंपनीसाठी जे लिहिलं जातं त्याच्याकडे आपण जरा नाक मुरडूनच बघतो. पण आपल्यातले निम्मे जण उद्या तेच लिहून पोट भरणार आहेत. त्या लिखाणाचाही एक इतिहास असेल, त्यातही कुणी गुरू असतील, असं वाटून मी शोधायला लागले आणि क्लॉड हॉपकिन्स सापडला. जाहिरात लिहिणाऱ्यांच्या जगात तो फार मोठा माणूस मानला जातो. शंभर वर्षांपूर्वीची त्याची दोन छोटी पुस्तकं लोक अजून वाचतात. मी त्याच्याकडे गेले ते चांगलं कसं लिहावं हे शिकायला. ते शिकलेच, पण त्याच्या आयुष्यात मला मावशीची बाटलीही भेटली.

हॉपकिन्सचा जन्म १८६६ सालचा, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातला. वडील वर्तमानपत्राच्या धंद्यात होते. मुलगा दहा वर्षांचा असताना ते वारले आणि घराची सगळी जबाबदारी आईवर आली. आई स्कॉटिश वळणाची, कष्टाळू, काटकसरी आणि धर्माच्या बाबतीत अतिशय कडक. तिच्या घरात जवळजवळ प्रत्येक करमणूक पापात जमा होती. मुलगा शाळेच्या खोल्या झाडायचा, घरोघर वर्तमानपत्रं टाकायचा आणि रविवारी एकामागून एक उपासनांना बसायचा. पुढे त्याने धर्मोपदेशक व्हायचं हे ठरलेलंच होतं.

आई घरी चांदीची भांडी उजळायचं पॉलिश तयार करायची. क्लॉड ते दारोदार विकायला जायचा. दारात उभं राहून पॉलिशचे गुण सांगितले की दहातली एखादी बाई घ्यायची. पण जिथे आत स्वयंपाकघरापर्यंत जायला मिळालं, तिथल्याच एखाद्या काळ्या पडलेल्या चमच्यावर पॉलिश घासून दाखवता आलं, तिथे जवळजवळ सगळ्याच बायका घ्यायच्या. पॉलिश तेच आणि पोरगाही तोच, फरक फक्त दारात बोलण्याचा आणि आत जाऊन करून दाखवण्याचा होता. हॉपकिन्सचा पुढचा सगळा धंदा या एका अनुभवावर उभा राहिला, असं त्याची पुस्तकं वाचताना वाटतं. तो कागदावर लिहायला लागला तेव्हाही त्याचं काम तेच होतं. वाचणाऱ्याच्या दारातून आत जायचं आणि त्याच्याच भांड्यावर घासून दाखवायचं.

सतराव्या वर्षी तो प्रवचनं करायला लागला होता. पण आईचा तो कठोर देव त्याला पटेनासा झाला. अठराव्या वर्षी एका प्रवचनात त्याने मनातलं सगळं बोलून टाकलं. आपल्या घरात निषिद्ध मानलेले साधे आनंद पाप नाहीत, आणि नरकाचं भय दाखवून माणूस चांगला होत नाही, अशा अर्थाचं ते प्रवचन होतं. ऐकणाऱ्यांत आई बसलेली होती. त्या दिवसानंतर मायलेकाचं नातं पूर्वीसारखं कधीच झालं नाही. त्याने धर्मोपदेशकाची वाट सोडली आणि जवळजवळ रिकाम्या खिशाने तो घराबाहेर पडला.

कॅथलिक घरात वाढलेल्या मला हा प्रसंग वाचताना थांबावंसं वाटलं. प्रवचन करणारा माणूसही शब्दांनीच समोरच्याचं मन वळवतो. फादर चर्चमध्ये साध्या भाषेत, रोजच्या जगण्यातले दाखले देत बोलतात तेव्हा शेवटच्या बाकावरची म्हातारीसुद्धा मान हलवते. हॉपकिन्सने व्यासपीठ सोडलं, पण ती हातोटी त्याच्याबरोबर गेली. त्याला जन्मभर साध्या माणसांशी बोलायचं होतं आणि त्यांची भाषा त्याला येत होती, कारण तो त्यांच्यातलाच होता.

तो ग्रँड रॅपिड्स या गावात आला, हिशेब लिहायला शिकला आणि बिसेल नावाच्या कंपनीत हिशेबनीस म्हणून लागला. ही कंपनी गालिचे झाडायचं एक यंत्र बनवायची. लांब दांडा, खाली चाकांवर फिरणारा ब्रश, वीज लागत नाही. कंपनीने त्या काळातला नामांकित जाहिरात-लेखक जॉन पॉवर्स याच्याकडून एक माहितीपत्रक लिहून घेतलं होतं. पॉवर्स हा साधं आणि सरळ लिहिण्याबद्दल प्रसिद्ध होता. हॉपकिन्सने ते पत्रक वाचलं आणि वरिष्ठांना स्पष्ट सांगितलं की याने यंत्राचा अभ्यास केलेला नाही, आणि ते विकत घेणाऱ्या बायकांचाही नाही. मग त्याने स्वतः एक पत्रक लिहून दाखवलं. कंपनीने पॉवर्सचं बाजूला ठेवून या पोराचं घेतलं.

हा प्रसंग मला मोलाचा वाटतो. स्पष्ट लिहिणं ही एक गोष्ट झाली. पण ज्याबद्दल लिहायचं ते माहीत नसेल तर स्पष्ट लिहून तरी काय उपयोग? पॉवर्सला भाषा येत होती. हॉपकिन्सला गालिच्यावरची धूळ आणि ती झाडणारी बाई माहीत होती.

मग त्याला वाटलं की हे यंत्र नाताळची भेट म्हणून खपेल. तोवर कुणी नाताळला झाडायचं यंत्र भेट दिलेलं नव्हतं, त्यामुळे वरिष्ठ हसले. त्याने दुकानदारांना पाठवायला सुमारे ५,००० पत्रं लिहिली आणि त्यांवर १,००० ऑर्डर आल्या. टपालाने अशा ऑर्डर येणं कंपनीला जवळजवळ नवीनच होतं. त्यानंतर त्याने सुचवलं की यंत्राची पेटी बारा वेगवेगळ्या लाकडांत करा. कारखान्यातल्या लोकांचं म्हणणं होतं की आपण ब्रशबद्दल, बेअरिंगबद्दल बोलायला हवं, लाकडाबद्दल काय बोलायचं? हॉपकिन्सचं उत्तर असं की बाई बेअरिंग विकत घेत नाही, घरात शोभेल अशी वस्तू घेते. बारा लाकडांची यंत्रं खपली.

पुढची गोष्ट आपल्या देशापर्यंत येते. त्याने रेल्वेच्या एका डब्यात लालभडक लाकडाचं काम पाहिलं. व्यापारात त्याला व्हर्मिलियन वूड म्हणत. अंदमानातल्या पडौकाला अमेरिकेच्या बाजारात हेच नाव होतं. हॉपकिन्सने हट्ट धरून त्या लाकडाची यंत्रं करायला लावली आणि लाल कागदावर पत्रं लिहिली. हिंदुस्थानातली रानं, कैद्यांनी तोडलेली झाडं, ओंडके ओढणारे हत्ती, हे सगळं त्याच्या वर्णनात आलं. दुकानदारांनी ती यंत्रं हातोहात उचलली. वाचताना मला आधी गंमत वाटली आणि मग अंगावर काटा आला. अंदमान आणि कैदी हे दोन शब्द एकत्र आले की मराठी माणसाला काय आठवतं, हे वेगळं सांगायला नको. मिशिगनमधल्या त्या तरुणाच्या पत्रात मात्र कैदी हे फक्त मालाला रंग चढवायला आले होते. त्याने खोटं लिहिलं नव्हतं, फक्त त्या कैद्यांचा विचार केला नव्हता.

ग्रँड रॅपिड्स आता त्याला लहान पडायला लागलं. शिकागोच्या स्विफ्ट या मोठ्या मांस-कंपनीत जाहिरात विभागाची जागा निघाली. शंभरावर अर्ज आले होते आणि हॉपकिन्सचा नंबर फार खाली होता. त्याने ओळखीच्या लोकांना, कंपन्यांना विनंती करून रोज आपल्याबद्दल पत्रं पाठवायला लावली आणि जागा मिळवली. तिथे त्याच्याकडे कोटोस्यूट आलं. सरकीचं तेल आणि जनावराची चरबी मिसळून केलेला तो स्वयंपाकाचा पदार्थ होता. बाजारात तसाच दुसरा माल आधीपासून पाय रोवून होता. दोन्हींत फारसा फरक नव्हता. मग लिहायचं काय?

हॉपकिन्सने यावेळी लिहिण्याआधी केक केला. शिकागोत एक मोठं नवं दुकान उघडत होतं. तिथे पाचव्या मजल्यावर, किराणा विभागात, लोण्याऐवजी कोटोस्यूट घालून केलेला जगातला सगळ्यात मोठा केक ठेवायचा असं ठरलं. वर्तमानपत्रांत जाहिरात गेली. गर्दी इतकी झाली की लिफ्ट पुरेना. एका आठवड्यात १,०५,००० माणसं जिने चढून केक बघायला गेली. तिथे चव बघायला मिळत होती आणि केकचं वजन ओळखणाऱ्याला बक्षीस होतं. पण अंदाज सांगायचा असेल तर कोटोस्यूटचा डबा घ्यावा लागत होता. पॉलिशवाल्या पोराने इथेही लोकांना घासूनच दाखवलं, फक्त चमचा जरा मोठा होता.

यानंतर तो विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावी गेला आणि एका डॉक्टरच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पेटंट औषधांच्या जाहिराती लिहायला लागला. औषधात काय घातलंय हे त्या काळी बाटलीवर सांगावं लागत नव्हतं. तिकडे जाण्याआधी मला त्याची सगळ्यात गाजलेली कामगिरी सांगायची आहे, कारण ती वाचून माझी वही भरली.

मिलवॉकी शहरात श्लिट्झ नावाची बिअर कंपनी होती. विक्रीत तिचा नंबर पाचवा. त्या काळात सगळ्या बिअर कंपन्या एकच शब्द ओरडत होत्या, तो म्हणजे शुद्ध. कुणी तो मोठ्या अक्षरात छापायचं, कुणी दोन पानं घेऊन छापायचं. आमच्या बेळगावात कुंद्याच्या प्रत्येक दुकानावर अस्सल लिहिलेलं असतं, तसंच ते. सगळ्यांनी लिहिल्यावर तो शब्द कुणाच्या डोळ्यांना दिसतच नाही.

हॉपकिन्स लिहायला बसण्याआधी कारखाना बघायला गेला. तिथे काचेच्या बंद खोल्यांत, गाळलेल्या हवेत, नळ्यांवरून ठिबकत बिअर थंड होत होती. पंप आणि नळ्या दिवसातून दोनदा धुतल्या जात होत्या, बाटली चार वेळा साफ होत होती. शेजारी मिशिगनचं एवढं मोठं सरोवर असताना पाणी ४,००० फूट खोल विहिरींतून काढलं जात होतं. यीस्ट ज्या मूळ पेशीपासून वाढवलं होतं ती १,२०० प्रयोगांनंतर निवडलेली होती. तो थक्क झाला आणि त्याने विचारलं की हे तुम्ही लोकांना का सांगत नाही? मालक म्हणाले की यात काय सांगायचं, सगळेच कारखाने असंच करतात.

हॉपकिन्सने नेमकं तेच लिहिलं. काचेच्या खोल्या, नळ्या, विहिरी, चार वेळा धुतलेली बाटली. शुद्ध हा शब्द पहिल्यांदाच लोकांना डोळ्यांनी दिसला. काही महिन्यांत श्लिट्झ पाचव्या नंबरावरून पहिल्या नंबरापाशी जाऊन पोचली.

यातून मी वहीत लिहून घेतलं ते असं. उत्तम, दर्जेदार, सर्वोत्कृष्ट, खात्रीशीर हे शब्द वाचणारा ऐकून सोडून देतो. आकडा, जागा, कृती सांगितली की तो थांबतो, कारण खोटा आकडा सांगायला माणूस कचरतो हे त्यालाही माहीत असतं. आणि तो आकडा टेबलापाशी बसून सुचत नाही, कारखान्यात जाऊन बघावा लागतो. ज्याला रोजचं म्हणून मालक विसरलेला असतो, ते नवख्या माणसाच्या डोळ्यांना दिसतं.

आता लिक्वोझोनबद्दल. डग्लस स्मिथ नावाच्या उद्योजकाने एका जंतुनाशकाचे हक्क विकत घेतले होते. हॉपकिन्सने आधी नकार दिला, मग शिकागोत येऊन त्या धंद्यात भागीदार झाला. लिक्वोझोन जंतू मारतं आणि जंतूंमुळे होणारे रोग त्याने बरे होतात, असा दावा होता आणि रोगांची यादी लांबलचक होती. हॉपकिन्सने आपली सगळी हत्यारं बाहेर काढली. साधी भाषा, नेमकेपणा, पहिली बाटली फुकट. कूपन पाठवा, दुकानातून बाटली घ्या, पैसे आम्ही भरू. लाखो लोकांनी कूपनं पाठवली. अनेक देशांत, अनेक भाषांत जाहिराती गेल्या आणि हॉपकिन्स श्रीमंत झाला.

१९०५ साली कोलियर्स या साप्ताहिकात सॅम्युएल हॉपकिन्स ॲडम्स या पत्रकाराने पेटंट औषधांवर लेखमाला लिहिली. नावात हॉपकिन्स आहे, पण नातं नाही. त्यात लिक्वोझोनचं पृथक्करण छापलं होतं. बाटलीत जवळजवळ सगळं पाणीच होतं आणि त्यात किंचित गंधकाम्ल. क्षय, कर्करोग अशा आजारांची माणसं आशेने ते पाणी पीत होती. या आणि अशा लिखाणामुळे लोकमत पेटलं आणि १९०६ साली अमेरिकेत अन्न व औषध शुद्धतेचा कायदा झाला.

मी हे वाचून पुस्तक बाजूला ठेवलं. चांदीच्या चमच्यावर पॉलिश घासून दाखवणारा तो मुलगा कुठे गेला? पण नंतर वाटलं की तो कुठेच गेला नव्हता. फुकट बाटली देणं हे त्याच्या दृष्टीने करून दाखवणंच होतं. फरक एवढाच की चमचा उजळला की नाही ते लगेच दिसतं. रोगाचं तसं नसतं. माणूस आपोआप बरा झाला तर श्रेय बाटलीला जातं आणि नाही झाला तर माझ्या मावशीसारखा तो स्वतःलाच दोष देतो. आत्मचरित्रात हॉपकिन्सने या धंद्याबद्दल लिहिलंय, पण ते वाचताना त्याने चूक मोकळेपणाने कबूल केली असं मला वाटलं नाही. आईसमोर उभं राहून नरकाचं भय नाकारणारा माणूस आजाऱ्याचं भय मात्र विकत होता.

थकून, आजारी पडून तो थोडे दिवस मागे सरला. पण अल्बर्ट लास्कर त्याला सोडणार नव्हता. लॉर्ड अँड थॉमस ही शिकागोची मोठी जाहिरात संस्था लास्कर चालवायचा. सायरस कर्टिस हे प्रकाशक स्वतः दारूपासून लांब राहणारे, आपल्या मासिकात दारूच्या जाहिराती न घेणारे. त्यांनी आगगाडीत श्लिट्झची जाहिरात वाचली आणि वाचल्यावर बिअरची बाटली मागवावीशी त्यांना वाटली. ज्याने हे लिहिलं तो माणूस धर, असं त्यांनी लास्करला सुचवलं, अशी हकिकत सांगतात. १९०७ च्या सुमारास हॉपकिन्स लॉर्ड अँड थॉमसमध्ये आला. त्याचा पगार पुढे वर्षाला १,८५,००० डॉलरपर्यंत गेला. त्या काळात लिहिण्याचे एवढे पैसे ऐकून आजही माझ्या चाळीस पैशांना लाज वाटते.

इथे त्याने एक सवय पक्की केली, ती म्हणजे लिहिण्याआधी विचारणं. व्हॅन कॅम्प कंपनीच्या डबाबंद पोर्क आणि बीन्सचं काम आलं तेव्हा त्याने घरोघर माणसं पाठवून चौकशी केली. कळलं की शंभरातल्या ९४ घरांत बीन्स घरीच भाजतात. म्हणजे स्पर्धा दुसऱ्या डब्याशी नव्हती, घरच्या चुलीशी होती. बाकी कंपन्या आमचाच डबा घ्या म्हणून भांडत होत्या. हॉपकिन्सने मग घरी बीन्स भाजायला किती तास जातात, घरच्या भट्टीत पुरेशी उष्णता का मिळत नाही, वरचे दाणे कडक आणि आतले गिचका का होतात, हे गृहिणीला समजावून सांगितलं. तिच्या मनात जो प्रश्न होता त्याचंच उत्तर दिलं.

क्वेकर कंपनीच्या फुगवलेल्या गहू-तांदळाची गोष्टही तशीच. अलेक्झांडर अँडरसन या वनस्पतिशास्त्रज्ञाने बंद नळीत दाणे तापवून, एकदम दाब सोडून ते फुगवायची रीत शोधली होती. हॉपकिन्सने कारखान्यात जाऊन ते पाहिलं आणि तोफेतून उडवलेलं धान्य अशी ओळख करून दिली. त्याच्याच धंद्यातल्या लोकांनी टिंगल केली, पण माल खपला. आपल्याकडे भट्टीत चुरमुरे फुटताना बघायला पोरं जशी उभी राहतात, तसं त्याने पूर्ण देशाला उभं केलं.

त्याची मोजमापाची पद्धतही सांगायला हवी. एकाच मालाची जाहिरात तो दोन-तीन वेगळ्या मथळ्यांनी छापायचा. प्रत्येकीच्या कूपनवर वेगळी खूण असायची. कुठली कूपनं जास्त आली ते मोजायचं, कमी आलेला मथळा टाकून द्यायचा. आधी एखाद-दुसऱ्या लहान गावात करून बघायचं, मग देशभर पैसे घालायचे. मी लिहिलेलं मला आवडतं की नाही याला त्याच्या लेखी किंमत नव्हती. आज कंपन्या संगणकावर हेच करतात.

डग्लस स्मिथ पुन्हा एकदा आला, यावेळी पेप्सोडेंट टूथपेस्ट घेऊन. हॉपकिन्सने पुन्हा आढेवेढे घेतले आणि पुन्हा होकार दिला, नफ्यात वाटा ठरवून. दातांवरची रुक्ष पुस्तकं वाचताना त्याला दातांवर साचणाऱ्या थराबद्दलचा एक उल्लेख सापडला. जीभ दातांवरून फिरवा म्हणजे तो थर जाणवेल, असं त्याने लोकांना सांगितलं. वाचणारा तिथल्या तिथे जीभ फिरवणारच. तुम्हीही आत्ता फिरवलीत की नाही? दात किडतील ही भीती त्याने फारशी घातली नाही, कारण लोक पुढच्या संकटासाठी आज पैसे काढत नाहीत हे त्याला कळलं होतं. त्याने सुंदर हसू दाखवलं. पेप्सोडेंट जगभर गेली आणि हॉपकिन्सला तिच्यातून दहा लाख डॉलर मिळाले. तो थर खरा होता. पण तो साध्या ब्रशनेही निघतो आणि पुन्हा साचतो. म्हणजे इथेही सत्य होतं, फक्त त्याची एकच बाजू उजेडात धरलेली होती.

१९२३ साली त्याचं सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग हे छोटं पुस्तक आलं आणि १९२७ साली जाहिरातीतल्या आयुष्याबद्दलचं आत्मचरित्र. पुढच्या पिढीतल्या डेव्हिड ओगिल्व्ही या प्रसिद्ध जाहिरातकाराचं मत असं होतं की हे पहिलं पुस्तक सात वेळा वाचल्याशिवाय कुणाला जाहिरातीच्या जवळ फिरकू देऊ नये. आत्मचरित्रात हॉपकिन्स आपल्यासारख्यांची चांगलीच फिरकी घेतो. तो कॉलेजात गेला नव्हता आणि त्याचा त्याला आनंद होता. शिकलेली माणसं शिकलेल्यांसाठीच लिहितात आणि साध्या माणसाची भाषा विसरतात, असं त्याचं ठाम मत होतं. वाङ्मय मंडळाच्या ई-मासिकात हे लिहिताना मला हसू येतंय, पण मुद्दा अगदीच चुकीचा नाही. स्वतःचं लेखन दिसू नये, माल दिसावा, असं तो मानायचा. अलंकारिक लिहिलं की वाचणारा सावध होतो.

रात्री उशिरापर्यंत, रविवारीसुद्धा काम करत तो जगला आणि १९३२ साली वारला. मिशिगनमधल्या स्प्रिंग लेकच्या काठी त्याने घर बांधलं होतं. लहानपणी याच भागात त्याने मजुरी केली होती.

या माणसाला गुरू मानावं की नाही, याचं उत्तर मला अजून नीट सापडलेलं नाही. त्याने सांगितलेली प्रत्येक गोष्ट उपयोगी आहे. एका माणसाशी बोला, नेमकं सांगा, जाऊन बघा, विचारा, मोजा, करून दाखवा. पण हे सगळं काच आणि विहिरी असलेल्या कारखान्यासाठी जेवढं चाललं, तेवढंच गंधकाम्लाच्या पाण्यासाठीही चाललं. कूपन मोजून मथळा चांगला की वाईट हे कळतं. बाटलीत काय आहे ते कळत नाही. ते लिहिणाऱ्याने आधी विचारायचं असतं आणि उत्तर मिळालं नाही तर लेखणी खाली ठेवायची असते. हॉपकिन्सने कारखाना बघण्याची रीत शिकवली, पण स्वतः दोन ठिकाणी ती अर्धीच पाळली.

दिवाळीच्या आधी मला त्याच ओळखीतून दुसरं काम आलं, यावेळी चेहऱ्याच्या क्रीमचं. मी कळवलं की आधी एक डबी पाठवा, मी आणि घरातले महिनाभर वापरून बघू, आणि आत काय काय घातलंय ती यादी द्या. मग जे दिसेल ते लिहीन. दोन दिवस उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी कळलं की काम दुसऱ्या कुणाला दिलंय.

त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतल्या लोणचं-पापड करणाऱ्या काकूंनी छोटं पत्रक लिहून मागितलं. मी सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. कैऱ्या किती वेळा धुतात, फोडी किती तास उन्हात ठेवतात, मीठ कधी घालतात, हळद कुठून आणतात, सगळं विचारलं. यात काय लिहायचं, सगळेच असं करतात, असं त्या म्हणाल्या. मला हसू आलं. पत्रकाचे पैसे मिळाले नाहीत, पण बरणीभर लोणचं मिळालं. त्यातलं अर्धं मी मावशीकडे दिलं.